एका तिथीचे दोन सण : गिरगावातला नाताळ, आगेरा आणि दारफळणी

ख्रिस्तजन्माच्या सणाला मराठीने ‘नाताळ’ म्हटले. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्याचा अर्थ जन्माचा दिवस. पुनरुत्थानाच्या सणाला पोर्तुगीज ‘पाश्कोआ’ म्हणतात आणि गोव्यात तो ‘पास्काचें फेस्त’ झाला. या शब्दाच्या मुळाशी हिब्रू ‘पेसाह’ आहे, म्हणजे मराठी बायबलातला ‘वल्हांडण’. इंग्रजीने मात्र त्याच सणासाठी ‘ईस्टर’ हा शब्द धरला. बीड नावाच्या इंग्रज साधूने इ.स. ७२५च्या सुमारास त्याचा संबंध ‘एओस्त्रे’ नावाच्या एका देवीशी लावला. त्या देवीबद्दल बीडच्या त्या उल्लेखापलीकडे जुना लेखी पुरावा नाही. तरीही एवढ्या एका ओळीवर मोठे इमले उभे राहिले. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर हिस्लॉपने १८५८मध्ये वाढवून छापलेल्या ‘द टू बॅबिलॉन्स’ या पुस्तकात ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार असे ठरवून टाकले. कानाला सारखे लागते, एवढाच त्याचा आधार. पोर्तुगीज, कोकणी, फ्रेंच, इटालियन बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘ईस्टर’ हा शब्दच नाही, मग त्यांच्या सणात इश्तार कुठून शिरली, हा साधा प्रश्न हिस्लॉपच्या वाचकांना पडत नाही.

दर डिसेंबरात हा वाद नव्याने निघतो. एक बाजू म्हणते, पंचवीस डिसेंबर बायबलात नाही, तो रोमन सूर्यदेवाचा दिवस. खरे सण लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहेत, ते पाळा. दुसरी बाजू, आणि ही आपल्याकडची, म्हणते की इथल्या ख्रिस्ती लोकांचे सण म्हणजे आपलेच सण नाव बदलून. दोन्ही बाजूंची रीत एकच आहे. तारीख जुळली की नक्कल सिद्ध झाली. ही रीत मला मान्य नाही. ती का मान्य नाही हे दाखवायला रोमला जायची गरज नाही, गिरगाव पुरेसे आहे.

आधी रोमचे उरकून घेतो. पंचवीस डिसेंबरला येशूचा जन्म झाल्याची पहिली निश्चित नोंद इ.स. ३५४च्या रोमन पंचांगात मिळते. ‘अजिंक्य सूर्याचा’ जन्मदिवस त्या तारखेला असल्याची नोंदही त्याच पंचांगात आहे. ऑरेलियन बादशहाने २७४मध्ये सूर्यदेवाचे मंदिर उभारले हे खरे, पण त्याआधी पंचवीस डिसेंबरला सूर्याचा मोठा उत्सव होत होता असा पुरावा नाही. उलट संत ऑगस्टीनने एक वेगळीच गणना नोंदवली आहे. येशूचा गर्भसंभव आणि मृत्यू दोन्ही पंचवीस मार्चला झाले अशी समजूत होती. तिथून नऊ महिने मोजले की पंचवीस डिसेंबर येतो. ही गणना इतिहास म्हणून खरी नसेल, पण ती वल्हांडणाच्या भोवती फिरते, सूर्याच्या नव्हे. कोणी कोणाचे घेतले, याचा निकाल उपलब्ध कागदांवर लागत नाही. ‘नाताळ म्हणजे सूर्यपूजा’ हे वाक्य ठामपणे लिहिणारा माणूस पुराव्यापुढे धावतो आहे.

आता गिरगाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू खोताच्या जमिनीवर खोताची वाडी वसली. तिथे जागा घेऊन राहिलेली बरीच घरे मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची होती. १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आंब्रोळीला स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन राहत. विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचे. आणि तिथून मैल-दीड मैलावर, मांडवीत, सॅम्युएल दिवेकरांनी १७९६मध्ये बांधलेले बेने इस्राएलांचे सिनेगॉग. तिघेही बायबल मानणारे, तिघांच्याही व्यवहारात मराठी, आणि सणांच्या तीन तऱ्हा.

विल्सनसाहेबांची गोष्ट यात गमतीची आहे. त्यांच्या स्कॉटिश चर्चने ख्रिसमस केव्हाच मोडीत काढला होता. सतराव्या शतकात स्कॉटिश पार्लमेंटने तो कायद्याने बंद केला आणि सार्वजनिक सुट्टी म्हणून तो स्कॉटलंडमध्ये परत आला १९५८ साली. कारण तेच, बायबलात आज्ञा नाही. हे विल्सन १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापतात, ते बेने इस्राएलांसाठी. म्हणजे लेवीयातले सण मुळातून वाचायची किल्ली एका ख्रिस्ती माणसाने मराठी ज्यूंच्या हाती दिली, आणि त्याच गिरगावात काही पावलांवर कॅथलिक वाडी नाताळच्या कंदिलांनी उजळत होती. लेवीयातले सण पाळणारे शेजारी हवे असतील तर ते बेने इस्राएलच होते. त्यांनी ते कसे पाळले हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

यासाठी हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास वाचावा लागतो. १८९७मध्ये लिहून झालेले हे इंग्रजी पुस्तक छापले गेले १९३७मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्या समाजाचे सण केहिमकरांनी मायेने नोंदवले आहेत. वर्षारंभाचा नव्याचा सण. खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा दारफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. वल्हांडण म्हणजे अनाशी ढाकाचा सण. अनास हे आंबट कालवणाचे भांडे, ते आठवडाभर झाकून ठेवायचे, कारण घरात आंबवलेले काही चालत नाही. आणि यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा बिरड्याचा सण.

केहिमकरांचा सिद्धांत असा की मराठी नावांचे सण सर्वांत जुने, आणि रमजान, नव्याचा रोजा, एलियाहू हन्नबीचा उरूस अशी हिंदुस्थानी-फारसी वळणाची नावे नंतरच्या थरातली, डेव्हिड रहाबी नावाच्या गुरूने धर्म पुन्हा शिकवल्यानंतरची. हनुक्का या जुन्या यादीत नाही, म्हणून पूर्वज इ.स.पू. १७५च्या आधीच निघाले असावेत, असेही ते मांडतात. नोंदी अमूल्य आहेत, निष्कर्ष डळमळीत. एखादा सण यादीत नाही म्हणजे तो कधीच नव्हता असे होत नाही, विसरलाही जातो. रहाबी नऊशे वर्षांपूर्वीचा की अठराव्या शतकातला कोचीनचा, यावरच विद्वानांचे एकमत नाही. आणि सणाच्या नावाची भाषा पाळणाऱ्याची शेवटची भाषा सांगते, सणाचे वय नव्हे. नाहीतर नाताळ पोर्तुगीजांनी शोधून काढला म्हणावे लागेल.

केहिमकरांनी ज्याकडे फारसे वळून पाहिले नाही ते माझ्या मते अधिक मोलाचे आहे. मी ज्यू पंचांग आणि कालनिर्णय शेजारी ठेवून तारखा लावल्या. दोन्ही पंचांगे चांद्र महिन्यांची, दोन्हींत सूर्याशी मेळ घालायला अधिक महिना. त्यामुळे तिश्री आपल्या आश्विनाजवळ येतो, अदार फाल्गुनाजवळ, निसान चैत्राजवळ, आव श्रावणाजवळ. २०२४मध्ये प्रायश्चित्ताचा दिवस १२ ऑक्टोबरला होता, दसराही त्याच दिवशी. २०२५मध्ये दोन्ही २ ऑक्टोबरला. मंडपांचा सण दोन्ही वर्षी कोजागरीच्या संध्याकाळी लागला. दरवर्षी असे होत नाही. अधिक महिना घालण्याचे नियम वेगळे असल्याने २०२३मध्ये जवळजवळ एका महिन्याचे अंतर पडले. तरी हिब्रू पंचांग हाती नसलेल्या कोकणातल्या तेल्याला आपली तिथी शेजाऱ्याच्या तिथीवरून धरून ठेवता आली असेल, हा अंदाज मला रास्त वाटतो.

मग त्या तिथीला काय होत असे? आश्विन शुद्ध दशमीला सारे गाव सीमोल्लंघनाला बाहेर पडते, सोने वाटते, एकमेकांच्या घरी जाते. त्याच दशमीच्या आसपास बेने इस्राएल कुटुंब पांढरे कपडे घालून, उपास धरून, दार लावून घरात बसते. सणाचे नावच मुळी दार लावण्याचे. इतरांचा स्पर्शही टाळायचा. तिथी एक, आणि दिशा नेमकी उलटी. तारीख जुळली की नक्कल, हा नियम लावायचा तर दारफळणी दसऱ्याची नक्कल ठरायला हवी. तसे कोणी म्हणणार नाही.

दुसरीकडे होळीचा सण पाहा. इथे शेजाऱ्याचे नाव सरळ उचलले आहे, पण सांगायची कथा एस्तेर राणीची. आणि बिरडे? आवच्या पहिल्या नऊ दिवसांत मांस वर्ज्य करण्याची ज्यूंत जुनी प्रथा आहे. तो काळ बहुधा आपल्या श्रावणात येतो, आणि श्रावणात मांस सुटलेल्या कोकणी घरात हमखास शिजते ते वालाचे बिरडे. शोक यरुशलेमचा, चव रायगडची. केहिमकर ‘नव्याचा सण’ म्हणजे नव्या वर्षाचा एवढेच घेतात, पण कोकणात ‘नवे’ म्हणजे नवे धान्यही. नव्याची पुनव हीच नवान्न पौर्णिमा. ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ असणारच.

धान्यावरून आगेऱ्याकडे येतो. गोराई, मनोरी, वसईकडच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास भाताच्या लोंब्या वाजत-गाजत चर्चमध्ये नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतो. आगेरा हा शब्द लॅटिन ‘अगेर’, म्हणजे शेत, यावरून आला असे सांगतात. आपल्याकडे ‘आगर’ हा शब्द दाराशीच होता हे खरे, पण हिस्लॉपला दोष देऊन मी स्वतः शब्दसाम्यावर निकाल देणार नाही. मला विधीत रस आहे. लेवीय तेविसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणायला सांगितली आहे आणि याजकाने ती देवासमोर हलवायची आहे. मराठी बायबलकारांनी या क्रियेला ‘ओवाळणे’ हा शब्द योजला. त्याहून नेमका शब्द मराठीत सापडला नसता. पॅलेस्टाइनमध्ये ती पेंढी जवाची आणि वसंतातली, आमच्याकडे भाताची आणि आश्विनातली, कारण पाऊस वेगळा आणि पीक वेगळे. हाच विधी मंगळुरी कॅथलिक ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी करतात. तो जन्मदिन बायबलात कुठेच नाही. म्हणजे बायबलबाह्य तारखेला बायबलातला विधी. वांद्र्याच्या मोतमाऊलीची जत्राही याच तारखेच्या पाठोपाठ भरते.

लेवीयकडे बोट दाखवणाऱ्यांनी निर्गमचा तेविसावा अध्यायही उघडावा. तिथे तीनच वार्षिक सण आहेत आणि त्यांतले दोन उघड उघड शेतीचे, कापणीचा आणि साठवणीचा. प्रायश्चित्ताचा दिवस त्या यादीत नाही. पुरीम मोशेच्या पाचही पुस्तकांत नाही, तो एस्तेरमधला. हनुक्काची तर गंमतच. त्याची कथा मक्काबींच्या पुस्तकांत आहे; ती पुस्तके हिब्रू बायबलात नाहीत, प्रॉटेस्टंटांच्याही नाहीत, कॅथलिकांच्या आहेत. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्या सणाच्या वेळी मंदिरात फिरत असल्याचा उल्लेख आहे. तेव्हा हनुक्का कसा सुरू झाला हे बायबलातून वाचायचे, तर मांडवीच्या सिनेगॉगातले बायबल किंवा आंब्रोळीतले बायबल उपयोगाचे नाही, खोताच्या वाडीतले लागेल. बायबलातले सणसुद्धा असे थराथराने वाढले आहेत. त्यातला एक थर ‘शुद्ध’ म्हणून कापून काढणे हे संशोधन नव्हे, निवड आहे. ती श्रद्धेने करावी, हरकत नाही, पण तिला इतिहासाचा शिक्का मारू नये.

‘सगळे आपलेच’ म्हणणाऱ्यांनाही हेच लागू. वाडीत नाताळला होणाऱ्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, यात वाद नाही. पण त्याच ताटात कुलकुल असतात आणि पोर्तुगीज वळणाचे मार्झिपानही. करंजीने नाताळची दिवाळी होत नाही, जशी बिरड्याने यरुशलेमच्या शोकाची श्रावणी होत नाही. कोणत्याही सणात शेजार असतोच. तो किती आहे, कुठवर आहे आणि कुठे दार लावून घेतले आहे, हे एकेका सणापुरते तपासावे लागते.

आणि ते तपासायला आता वेळ कमी आहे. १९४८नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे दारफळणीला योम किप्पुर म्हणतात आणि तिश्रीचा मेळ आश्विनाशी घालायचे कारण उरत नाही. खोताच्या वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास जुनी घरे होती, आज ती तिशीच्या आत आली आहेत. आगेऱ्याच्या गावांतही लोंब्या कापायला शेत शोधावे लागते. केहिमकरांसारखा कोणी माणूस वाडीच्या वाट्याला आला नाही. कोणत्या घरात कोणत्या सणाला काय शिजत होते, लादीन कोणत्या भाषेत म्हटली जाई, गावाकडून आगेऱ्याच्या लोंब्या येत का आणि त्या कुठे टांगत, हे अजून सांगणारी माणसे वाडीत आहेत. बहुतेक सत्तरीपुढची.