सायनोटाइप आणि झाडाची सावली : हे चित्र कशाचे?

ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ मध्ये ब्रिटनमधील शेवाळांच्या निळ्या छायाचित्रांचे पुस्तक भागाभागाने काढायला सुरुवात केली. कॅमेरा नाही, भिंग नाही. जॉन हर्शेल यांनी आदल्याच वर्षी शोधलेली सायनोटाइप पद्धत त्यांनी वापरली. लोहक्षार लावलेला कागद, त्यावर वाळवलेले शेवाळ, वर काच आणि ऊन. अतिनील किरण पोचतात तिथे प्रशियन निळा रंग तयार होतो. झाकलेला भाग पाण्यात धुतल्यावर पांढरा राहतो. (अभियांत्रिकीतला ‘ब्ल्यूप्रिंट’ हा शब्द याच प्रक्रियेचा.)

शेवाळाचा एकेक तंतू या चित्रांत स्पष्ट उमटतो, आणि त्यांचे मोल मोठेच आहे. पण त्यांचाच मापदंड लावून झाडाखाली कागद पसरून घेतलेले चित्र ‘पुसट आले’ म्हणून बाजूला टाकले जाते, ते मला पटत नाही. ॲटकिन्स यांचे शेवाळ कागदाला चिकटलेले होते. झाडाची सावली लांबून येते, आणि तेवढ्याने सगळे बदलते.

हिशोब करून पाहा. सूर्य आपल्याला बिंदूसारखा नव्हे, सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणून कागदापासून एक मीटरवरच्या पानाच्या सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर पसरते. पाच मीटरवरच्या पानाची साडेचार सेंटिमीटर. त्या उंचीवरच्या लहान पानाची पूर्ण गडद सावली जमिनीवर पोचतच नाही. शिवाय सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दहा मिनिटे कागद उघडा ठेवलात, तर पाच मीटर उंच फांदीची सावली त्यावरून वीसएक सेंटिमीटर पुढे जाते. पानांमधल्या फटींतून पडणारे उन्हाचे गोल कवडसे खरे तर सूर्याच्याच प्रतिमा. कागदावर मात्र त्यांचे लांबट पट्टे होतात. त्यात आकाशातून विखुरलेले अतिनील किरण सावलीतही शिरतात, त्यामुळे पांढरा भागही फिकट निळा पडतो.

मग हे चित्र झाडाचे म्हणायचे का? माझ्या मते ते फांदीच्या उंचीचे, वाऱ्याचे आणि त्या दहा मिनिटांचे आहे. खालची फांदी रेखीव आणि शेंडा विरघळलेला, हा फरक जिथे दिसतो ते चित्र मला चांगले वाटते. रेखीवपणासाठी कुणी तोडलेल्या डहाळ्या कागदावर दाबून त्याला ‘वृक्षछाया’ म्हणतात. ते देखणे दिसते, पण ॲटकिन्स यांनी ते काम कधीच आणि अधिक काटेकोरपणे केले आहे.

त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्या. प्रत्येक शेवाळाचे नाव त्यांनी त्याच निळ्या कागदावर, त्याच उन्हात उमटवले. तुम्हीही समासात वेळ, कागद उघडा होता ती मिनिटे आणि फांदीची उंची लिहा. मग पाहणाऱ्याला पुसटपणा कुठून आला ते कळेल, आणि हात हलला की झाड हलले यावर तुमच्याशी नीट वाद घालता येईल.