रिकाम्या हाताची तसवीर

शाळाशाळांतून 'मोबाईलचे दुष्परिणाम' या विषयावर चित्रकला स्पर्धा होतात. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतही झाली. परीक्षक म्हणून आम्ही बसलो तेव्हा समोरच्या बहुतेक चित्रांत एकच कल्पना होती. मोबाईलचा राक्षस झालेला आणि त्याच्या दातांत मूल अडकलेले. नाहीतर मोबाईलला साखळी आणि साखळीला मूल. खाली लाल अक्षरांत उपदेश. आम्ही तीन बक्षिसे दिली. समारंभाचे फोटो लगेच शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले आणि त्यांना किती अंगठे आले, हे आम्हीही दोनदा उघडून पाहिले.

या चित्रांत मुलांचा दोष नव्हता. आम्ही जे शिकवले तेच त्यांनी काढले. परंतु ज्या चित्रात गुन्हेगार यंत्र आहे, बळी लहान मूल आहे आणि मोठी माणसे कुठेच नाहीत, ते चित्र खरे बोलत नाही, असे आमचे मत आहे.

याच विषयावरची अमेरिकन छायाचित्रकार एरिक पिकर्सगिल यांची 'रिमूव्ह्ड' ही २०१४ साली सुरू झालेली चित्रमालिका पाहावी. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावी एका कॅफेत त्यांनी शेजारच्या टेबलावर एक कुटुंब पाहिले. वडील आणि दोन मुली फोनमध्ये गुंतलेल्या, तर आई खिडकीबाहेर बघत एकटी बसलेली. या दृश्यातून मालिका सुचली. पद्धत अगदी साधी आहे. माणसांना फोन धरून बसल्या जागी स्थिर राहायला सांगायचे, फोन हातातून काढून घ्यायचा आणि मग फोटो काढायचा. चित्रे कृष्णधवल आहेत. फोन कुठेच नाही, पण बोटे तशीच वाकलेली आणि नजर तळहातावर खिळलेली. एका चित्रात पिकर्सगिल स्वतः आणि त्यांची पत्नी बिछान्यावर एकमेकांकडे पाठ करून आपापला रिकामा तळहात न्याहाळत आहेत.

येथे ना राक्षस आहे, ना उपदेश. यंत्र बाजूला केल्यावर उरते ते फक्त माणसाचे शेजाऱ्यापासून वळलेले तोंड. शिवाय कलावंताने स्वतःला आरोपीच्या रांगेत उभे केले आहे. म्हणूनच पाहणाऱ्याला निवाडा देऊन मोकळे होता येत नाही.

ब्रिटिश छायाचित्रकार रँकिन यांची २०१९ ची 'सेल्फी हार्म' ही मालिका दुसरी जखम दाखवते. त्यांनी पंधरा किशोरवयीन मुलामुलींचे फोटो काढले आणि ते समाजमाध्यमावर टाकण्याजोगे होईपर्यंत स्वतःच बदलायला त्यांना सांगितले. डोळे मोठे झाले, नाके अरुंद झाली, त्वचेवरचे डाग पुसले गेले. मूळ आणि बदललेला चेहरा शेजारी शेजारी ठेवला की अंगावर काटा येतो, कारण बदललेले चेहरे हळूहळू एकसारखे होत जातात. परंतु हा साचा कुणी घडवला आणि त्यातून कुणाची कमाई होते, हे चित्र सांगत नाही. आरशासमोर पुन्हा मूलच एकटे उभे राहते.

या दोन्ही मालिका थोर असल्या तरी आमचे पुरते दुःख त्यांत मावत नाही. तिथले दुःख एकटेपणाचे आणि रूपाचे आहे. आमच्याकडे त्यात जमावाची भर पडते. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी मुस्लिम स्त्रियांचे समाजमाध्यमांवरचे फोटो उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला. भिंतीवर तसवीर लावावी की नाही यावर आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. आता तसवीरी प्रत्येकाच्या खिशात आहेत. तरीही त्या लिलावानंतर अनेकांनी निष्कर्ष काढला तो इतकाच, की मुलींनी फोटो टाकू नयेत. म्हणजे शाळेतल्या चित्रासारखेच झाले. ज्याच्यावर वार झाला त्यालाच ताकीद!

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्या दृश्यातून पिकर्सगिल यांच्या रीतीने फोन काढून घेतला, तर हात रिकामे दिसणार नाहीत. त्यांत काठ्या आणि दगड दिसतील. ही तसवीर अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला कलावंत काढणार नाही. ती आपल्यालाच काढावी लागेल.

स्पर्धेनंतर आम्ही आठवीच्या वर्गात पिकर्सगिल यांची चित्रे दाखवली आणि सांगितले, "घरचे एक दृश्य काढा. फोन काढू नका, फक्त हात काढा." एका मुलीने दस्तरखान काढला. ताटे वाढलेली, अम्मी वाट बघत असलेली आणि अब्बांची मान रिकाम्या मुठीवर झुकलेली. एका मुलाने स्वतःलाच काढले, रात्री रजईखाली. शेवटचा कागद मात्र घरचा नव्हता. त्यात एक वर्ग होता, एक विद्यार्थी वही घेऊन टेबलाशी उभा होता आणि खुर्चीवर बसलेले शिक्षक आपल्या तळहाताकडे पाहत होते. शर्टाच्या चौकटींवरून आम्ही स्वतःला ओळखले.

या वेळी आम्ही बक्षीस दिले नाही आणि फोटोही ग्रुपवर टाकला नाही. तो कागद शिक्षकखोलीतल्या आमच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. फोन ठेवायला कपाट उघडतो, तेव्हा तो रोज दिसतो.