श्वान पेशी आणि कुष्ठरोग: एका गाजलेल्या पेपरचं वाचन

आमच्या हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे हळद शिजवायचे दिवस आले की मला नात्यातले एक आजोबा आठवतात. कुष्ठरोगाची एमडीटीची औषधं त्यांनी पूर्ण घेतली होती, जंतू मेले होते. तरी हळदीच्या कुकरची वाफ बोटांवर आली आणि त्यांना कळलंच नाही. फोड दिसला तेव्हा समजलं. रोग बरा झाला, मग चेता का नाही बरी झाली?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून सेमिनारमध्ये एक पेपर हमखास दाखवला जातो. अनुरा रंबुक्काना यांच्या एडिनबरा येथील गटाचा, २०१३ साली 'सेल' नियतकालिकात आलेला. आज तोच तपासू.

आधी पार्श्वभूमी. श्वान पेशी म्हणजे हातापायांकडे जाणाऱ्या चेतांमधल्या ग्लिया पेशी. (कुत्र्याशी संबंध नाही, थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचं नाव आहे.) चेता तुटली की या पेशी मायलिन बनवणं सोडतात, सी-जून या जनुकाच्या मदतीने 'दुरुस्ती पेशी' होतात, कचरा साफ करतात आणि रांगेत उभ्या राहून नव्या अक्षतंतूला वाट दाखवतात. माणसात ही वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर होते. म्हणजे ओळख बदलणं हा यांचा मूळ गुणच. आणि कुष्ठरोगाचा जंतू नेमका यांच्यातच घर करतो.

पेपरचा दावा असा: जंतू हीच लवचीकता वापरून घेतो. प्रौढ उंदराच्या श्वान पेशींना संसर्ग केल्यावर सॉक्स-१० सारखी ओळख जपणारी जनुकं बंद पडली, पेशी मूलपेशींसारख्या झाल्या, स्नायुपेशींपर्यंत जंतू पोचवू लागल्या आणि मॅक्रोफेजना बोलावू लागल्या. कल्पना जबरदस्त आहे, आणि संसर्ग नसलेल्या पेशींशी तुलनाही नीट केली आहे.

पण दोन गोष्टी खटकतात. एक, डिशमध्ये अक्षतंतू नसतो. अक्षतंतूपासून सुटलेली श्वान पेशी आधीच अर्धी बदललेली असते. कुलूप अगोदरच सैल असेल, तर जंतूने ते किती उघडलं हे ठरवणं अवघड. दोन, हा जंतू दुप्पट व्हायला साधारण दोन आठवडे घेतो आणि माणसात आजार वर्षानुवर्षं चालतो. बदललेल्या पेशी उंदरांत सोडून जे दिसलं, तेच रुग्णाच्या चेतेत घडतं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरी चूक मात्र लेखकांची नाही, आपली आहे. शीर्षक पुन्हा वाचा. तिथे संसर्गाच्या 'प्रसारा'बद्दल लिहिलंय, आपण मात्र हा पेपर चेतेच्या 'नुकसाना'साठी उद्धृत करतो! नुकसानाबद्दल बोलायचं तर २०१७ साली 'सेल'मध्येच आलेलं, ललिता रामकृष्णन यांच्या गटाचं झेब्राफिशवरचं काम वाचा. त्यात सुरुवातीची इजा मॅक्रोफेजमुळे होते असं दिसतं: जंतूच्या एका ग्लायकोलिपिडला प्रतिसाद देताना ते नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि अक्षतंतूमधले मायटोकॉन्ड्रिया बिघडतात. अर्थात तेही माशाच्या पिल्लांतलंच. दोन्ही पेपर एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

आणि आजोबांचा प्रश्न तर तिसराच: जंतू मेल्यावर उरलेल्या श्वान पेशी दुरुस्तीचं काम पुन्हा हाती घेऊ शकतात का? हे दोन्ही पेपर त्याचं उत्तर देत नाहीत.

तेव्हा संशोधन प्रस्ताव लिहिताना प्रत्येक संदर्भाशेजारी वहीत तीन गोष्टी लिहा: कोणता प्राणी, डिश की जिवंत शरीर, आणि नेमका कोणता प्रश्न. तिसरा रकाना भरता आला नाही, तर तो पेपर अजून वाचून झालेला नाही असं समजा. मी पहिल्या वर्षी हाच पेपर 'नुकसाना'खाली लिहिला होता. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "शीर्षक वाचलंस का?"