पाठीचा कणा आणि यंत्रांच्या पाट्या

पिंपरीतून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना रुग्णालयांच्या पाट्या नजरेत भरतात. मेंदूची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, मणक्याची छोट्याशा छेदातून, आता तर यंत्रमानवाच्या मदतीने. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातले तक्ते बहुधा अशा पाट्यांवरूनच उतरवलेले असतात. यंत्राचे चित्र आणि खाली 'वरदान' हा शब्द! या प्रकारच्या लेखनावर (त्यात आमचेही आले) आमचा आक्षेप असा, की यंत्र काय करते ते कळते. त्याच्यावाचून काय झाले असते ते कळत नाही.

याच रस्त्यालगत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. हे क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध. क्षयाचे जंतू रक्तावाटे मणक्यात शिरले की हाड पोखरते, मणका खचून कुबड येते आणि मज्जारज्जू दाबला गेला तर पाय लुळे पडतात. यावर एके काळी ठरलेला उपाय म्हणजे महिनोन्‌महिने पलंगावर पडून राहणे किंवा अंगाभोवती प्लास्टरचे जाकीट.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९६५ पासून हा उपाय तपासून पाहिला. कोरियातील मासान येथे काही रुग्णांना सहा महिने रुग्णालयात झोपवून ठेवले, इतरांना पहिल्या दिवसापासून हिंडू-फिरू दिले. पुसानला जाकीट घातलेल्यांची तुलना न घातलेल्यांशी केली. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी काढावी तसे ठरले. औषधे मात्र सर्वांना दीड वर्ष. गटागटांत फरक पडलाच नाही! सुरुवातीचे तीन महिने स्ट्रेप्टोमायसिन जोडूनही जास्तीचा लाभ दिसला नाही. पिंपरीकरांच्या अभिमानाला थोडी ठेच लागते खरी, पण चाचणी कोणाचा मान राखत नाही.

म्हणून शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाही. पाय इतके लुळे की चालताच येत नाही, असे रुग्ण या चाचण्यांत घेतलेच नव्हते. हाँगकाँगमध्ये पोखरलेला भाग काढून तिथे हाडाचा तुकडा बसवल्यावर कुबड कमी राहिले. वाराणसीच्या डॉ. सुरेंद्र तुली यांनी १९७५ मध्ये मधला मार्ग मांडला: आधी औषधे, गरज पडेल तिथेच सुरी.

एमआरआयमुळे आज मणका खचण्याआधीच रोग दिसू शकतो. सुईने काढलेल्या नमुन्यावरून जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतील का, हे जनुकीय चाचणी काही तासांत सांगते. ही यंत्रे तक्त्यावर क्वचितच दिसतात. त्यांचे चित्र काढायला अवघड, हे एक कारण असावे.