दरबारातील कलह आणि बोगद्यातील माणसे

हुकूमशाही म्हणजे एकाची आज्ञा आणि बाकी साऱ्यांचे मुकाट पालन, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आल्बर्ट स्पीअरचे ‘इनसाइड द थर्ड राइश’ हे आत्मकथन ती समजूत पार मोडून टाकते. स्पीअर हा हिटलरचा आवडता वास्तुशिल्पी आणि १९४२ पासून त्याचा शस्त्रास्त्रमंत्री. न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. स्पांडाऊच्या तुरुंगात चोरून लिहिलेले आणि चोरूनच बाहेर धाडलेले लेखन १९६६ च्या सुटकेनंतर ग्रंथरूपाला आले. मूळ जर्मन ग्रंथ १९६९ चा, इंग्रजी अनुवाद १९७० चा. तो आजही आवर्जून वाचला जातो, आणि वाचावा असाच आहे, मात्र सावधपणे.

ग्रंथातील दरबाराचे चित्रण विलक्षण आहे. ८ फेब्रुवारी १९४२ रोजी शस्त्रास्त्रमंत्री फ्रिट्झ टॉट यांचे विमान रास्टेनबर्गला कोसळले. त्याच विमानाने स्पीअरही जाणार होता. आदल्या रात्री हिटलरशी बोलणे लांबले म्हणून त्याने बेत रद्द केला. टॉट यांच्या मृत्यूची वार्ता कळताच गोअरिंग ते खाते पदरात पाडून घेण्यासाठी धावत आला, तोवर हिटलरने स्पीअरची नेमणूक करून टाकली होती. दुखवट्याला जागाच नाही! पुढे बोरमानचा उदय होतो. हिटलरला कोणी भेटावे, कोणता कागद त्याच्यापुढे जावा, हे ठरवणारा हा चिटणीस सर्वांना पुरून उरतो. १९४३ साली गोबेल्स आणि स्पीअर त्याच्याविरुद्ध गोअरिंगला पुढे करू पाहतात, पण तो डाव फसतो. १९४४ च्या आरंभी स्पीअर आजारी पडतो, तर ज्या रुग्णालयात तो पडून आहे तेथील डॉक्टर हिमलरचा मित्र. आणि इकडे त्याच्याच खात्यातील माणसे हिटलरचे कान भरीत आहेत. कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी ही प्रकरणे आहेत.

परंतु ही रंगतच वाचकाला चकवते. भांडण कोणाकोणात होते हे स्पीअर तपशीलवार सांगतो. ते कशावरून होते, याकडे आपले लक्ष जातच नाही. पुष्कळदा ते माणसांवरून होते. परदेशांतून सक्तीने मजूर धरून आणणारा झाउकेल आणि ते मजूर कारखान्यांसाठी मागणारा स्पीअर यांचे वितुष्ट ग्रंथात बरेच गाजते. मजूर फ्रान्समधून उचलून आणावेत की फ्रान्समध्येच जर्मनीसाठी राबवावेत, हा त्यांचा वाद. त्या मजुरांपैकी एकाचाही चेहरा आपल्याला दिसत नाही. आणणाऱ्या झाउकेलला १९४६ साली फाशी झाली. मागणारा सुटून आला आणि लेखक झाला.

डोरा येथील बोगद्यांत कैदी व्ही-२ अग्निबाण बनवीत. त्या छावणीतून आणि तिच्या उपछावण्यांतून सुमारे ६०,००० कैदी गेले, त्यांतील २०,००० च्या आसपास मृत्यू पावले. १० डिसेंबर १९४३ रोजी स्पीअरने ते भुयार पाहिले. तेथील दशा पाहून आपण हादरलो आणि कैद्यांसाठी बराकी बांधण्याची व्यवस्था केली, असे तो लिहितो. बराकींचे खरे असेलही. पण आठवड्याभरातच त्याने त्या कामाचा प्रमुख काम्लर याला, इतक्या अल्पावधीत केवढी कामगिरी केलीत, असे अभिनंदनाचे पत्र पाठवले होते. १९८१ साली, मृत्यूच्या वर्षी, त्याने आणखी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हिमलरच्या एस.एस. संघटनेने उद्योगधंद्यांवर कबजा मिळवण्याची कशी कारस्थाने केली, हा त्याचा विषय. त्यात स्पीअर जणू कारखान्यांचा राखणदार होऊन उभा आहे. हिमलर वाईट होता, यात वाद नाही. पण हिमलरशी भांडला म्हणून कोणी निर्दोष ठरत नाही.

ज्यूंच्या संहाराची आपल्याला कल्पना नव्हती, असायला हवी होती, हा स्पीअरचा अखेरपर्यंतचा पवित्रा. ६ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझन येथे हिमलरने पक्षाच्या पुढाऱ्यांपुढे तो संहार उघड शब्दांत सांगितला. आपण त्याआधीच निघून गेलो होतो, असे स्पीअर सांगत राहिला. मात्र १९७१ च्या डिसेंबरात एका बेल्जियन विधवेला लिहिलेल्या खासगी पत्रात त्याने आपली उपस्थिती मान्य केली होती. ते पत्र २००७ साली उजेडात आले. बर्लिनमधील ज्यूंची घरे त्याच्या कार्यालयाने रिकामी करवून घेतली, ही नोंद त्याचा मित्र वोल्टर्स याने कार्यालयाच्या दैनंदिनीतून गाळली, आणि गाळलेली प्रतच अभिलेखागारात पोहोचली.

म्हणून हा माणूस निव्वळ ढोंगी होता, असे म्हणून मोकळे होता येत नाही. स्पांडाऊमध्ये त्याने जॉर्ज काझालिस या प्रॉटेस्टंट धर्मगुरूंना, मला वेगळा माणूस होण्यास साहाय्य करा, अशी विनंती केली होती. पुढे मारिया लाख येथील बेनेडिक्टाइन मठात तो एकांतवासासाठी जात असे. ती तळमळ खोटी मानण्याचे धाडस मला होत नाही. पण आपल्या पापनिवेदनात ‘मी पापी आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणते पाप, ते उच्चारावे लागते. न्यूरेंबर्गला स्पीअरने राजवटीच्या साऱ्या दुष्कृत्यांची सामूहिक जबाबदारी पत्करली. ती एवढी मोठी होती की तिच्याआड स्वतःची स्वतंत्र कृत्ये झाकली गेली.

गिट्टा सेरेनी यांनी स्पीअरशी प्रदीर्घ संभाषणे केली आणि १९९५ साली त्याच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथालयात दोन्ही मिळाले तर आधी स्पीअर वाचावा, मग सेरेनी. आणि त्यानंतर पुन्हा स्पीअरची डोऱ्यावरील ती मोजकी पाने काढून पाहावीत.