नटनटींची छायाचित्र-पोस्टकार्डे : संग्राहकाची दृष्टी आणि नाट्येतिहासाचा पुरावा

प्रस्तावना

नाट्यप्रयोग ही क्षणजीवी कला आहे. संहिता उरते, स्वरलेखन उरते. प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. त्यामुळे प्रयोगाचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला जाहिराती, परीक्षणे, आठवणी आणि छायाचित्रे यांवर विसंबावे लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील ब्रिटिश रंगभूमीच्या बाबतीत यांपैकी विपुल प्रमाणात उपलब्ध असलेले साधन म्हणजे नटनटींची छायाचित्र-पोस्टकार्डे होत. ती टिकली याचे बरेचसे श्रेय हौशी संग्राहकांना जाते. तथापि ज्या निकषांनी ही कार्डे जमवली जातात, त्याच निकषांमुळे त्यांचे पुरावामूल्य झाकले जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कार्डाची घडण

ब्रिटनमध्ये १८९४ पासून खाजगी प्रकाशकांच्या चित्रकार्डांना टपालात मुभा मिळाली. परंतु १९०२ पर्यंत मागील संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखीव असे. मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहावा लागे. १९०२ मध्ये मागील बाजूचे दोन भाग करण्यास परवानगी मिळाली आणि दर्शनी बाजू चित्रासाठी मोकळी झाली. अर्ध्या पेनीचा टपालदर, ब्रोमाइड कागदाच्या सलग गुंडाळीवर छायाचित्रांच्या प्रती काढण्याचे तंत्र आणि गेइटी, डेलीज या नाट्यगृहांतील संगीतिकांची लोकप्रियता यांच्या संयोगातून हा व्यवसाय उभा राहिला. रोटरी फोटोग्राफिक, बीगल्स अशा प्रकाशकांनी झेना व फिलिस डेअर या भगिनी, गॅब्रिएल रे, मेरी स्टडहोम यांची कार्डे मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणली. १९१८ मध्ये टपालदर एक पेनी झाला, तोवर या बहराला उतार लागला होता.

प्रतिमा आणि प्रयोग

या कार्डांवर प्रयोग दिसतो, हा समज तपासून पाहिला पाहिजे. डेलीजमध्ये ८ जून १९०७ रोजी सुरू झालेल्या फ्रान्झ लेहारच्या ‘द मेरी विडो’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लिली एल्सी या अभिनेत्रीने त्यात नायिकेची भूमिका केली. या संगीतिकेचे ७७८ प्रयोग झाले आणि ल्युसिल या वेशभूषाकर्तीने घडवलेली तिची रुंद काठाची टोपी फॅशन ठरली. नायक जोसेफ कॉइन याच्यासह वॉल्ट्झ नृत्याच्या पवित्र्यातही तिची कार्डे निघाली. मात्र त्यांतील नृत्य थांबलेले आहे. रंगमंचावरील त्या काळचा प्रकाश हालचाल टिपण्यास अपुरा पडत असल्याने अशी चित्रे छायाचित्रकारासाठी मुद्दाम उभे राहून काढली जात. त्यावर पुन्हा हातांनी दुरुस्ती व रंगकाम होई. एल्सीच्या कार्डात वेश आहे, चेहरा आहे; वाद्यवृंद, लय, सहकलाकाराला दिलेला प्रतिसाद आणि प्रेक्षक नाहीत. डेलीज नाट्यगृह १९३७ मध्ये पाडले गेले व तेथे चित्रपटगृह उभे राहिले. त्यामुळे कार्डावरील एल्सी हीच रंगमंचावरील एल्सी, असे मानण्याचा मोह वाढतो. वस्तुतः हे कार्ड प्रेक्षकाने घरी काय न्यावे यासाठी घडवलेल्या प्रतिमेचा पुरावा आहे.

कार्डाची पाठ

संग्राहकांच्या बाजारात सामान्यतः स्वच्छ, न वापरलेल्या, कोपरे शाबूत असलेल्या कार्डाला अधिक मोल येते. वर्गीकरण अभिनेत्रीच्या नावाने होते. नाट्येतिहासाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. वापरलेल्या कार्डावरील टपालशिक्का तारीख आणि गाव सांगतो. लंडनचे नाट्यगृह कधी न पाहिलेल्या घरापर्यंत ती प्रतिमा कशी पोहोचली, हे त्यावरून कळते. मजकुरात नटीचा उल्लेखही नसतो, असे अनेकदा आढळते. कधी ‘तुझ्या संग्रहासाठी’ एवढाच निर्देश असतो. म्हणजे संग्रह करणे हा नंतरच्या पिढ्यांचा छंद नव्हे, तर या कार्डांच्या मूळ जीवनाचाच भाग होता. जुना अल्बम सोडवून कार्डे सुटी विकली जातात, तेव्हा कोणती नटी कोणाशेजारी होती, ही त्या काळच्या रसिकाने केलेली मांडणी कायमची नष्ट होते.

अर्थात पाठीचा पुरावाही भाबडेपणाने वाचता येणार नाही. टपालशिक्का पाठवण्याची तारीख देतो, छायाचित्राची नव्हे. एकच चित्र वर्षानुवर्षे विकले जाई, कधी वेगळ्या मथळ्याखालीही येई. म्हणून प्रकाशक, मालिका क्रमांक, छायाचित्रकार व वेश यांचा एकत्रित पडताळा घेणे आवश्यक ठरते.

संग्राहकाचे ऋण मात्र नाकारता येत नाही. गॅब्रिएल एन्थोव्हेन यांनी व्यक्तिगत आवडीतून जमवलेली नाट्यविषयक जाहिरातपत्रके १९२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिली आणि तेथील नाट्यसंग्रहाचा पाया घातला गेला. ज्याला संस्थांनी किरकोळ कागद मानले, ते प्रथम एका व्यक्तीने जपले.

मराठी रंगभूमीच्या संदर्भात

हा प्रश्न मराठी अभ्यासकाला परका नाही. पुरुषवेषात गाणारी व्हेस्टा टिली पोस्टकार्डांवर दिसते, तसे बालगंधर्व स्त्रीवेषातील छायाचित्रांतून आज समोर येतात. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू यांच्या प्रतिमा पुस्तकांतून व स्मरणिकांतून पुनःपुन्हा छापल्या जातात. पण छायाचित्रकार, स्थळ, वर्ष व मूळ प्रत यांचा निर्देश पुष्कळदा नसतो. परिणामी लालित्याविषयीचे निष्कर्ष स्थिर प्रतिमेवरून काढले जातात आणि गाणे, चाल व संवाद यांतून घडलेली भूमिका बाजूला पडते. सिंधूचे दारिद्र्य ही साडीची बाब नव्हती. ती प्रयोगभर उलगडत जाणारी अवस्था होती.

निष्कर्ष

छायाचित्र-पोस्टकार्ड हे प्रयोगाचे चित्र नसून प्रयोग आणि प्रेक्षक यांच्यातील व्यवहाराचा दस्तऐवज आहे. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालये वा अभ्यासक असे साहित्य स्वीकारतील, तेव्हा दोन्ही बाजूंची नोंद, मूळ अल्बमचा क्रम आणि प्राप्तीचा स्रोत जपणे ही किमान शिस्त मानली पाहिजे. ती पाळली नाही, तर हाती राहतील केवळ सुंदर चेहरे; ते कोणासाठी सुंदर होते, हे सांगणारा कागद मात्र हरवलेला असेल.