दोन नावांची गोष्ट

डीप ब्रेन स्टिम्युलेशनवरचं कुठलंही भाषण ऐका, सुरुवात बहुतेकदा सारखीच. १९८७, फ्रान्समधलं ग्रेनोबल. न्यूरोसर्जन आलीम-लुई बेनाबीद थॅलॅमसमधली नेमकी जागा शोधायला वीजप्रवाह देतात, फ्रीक्वेन्सी शंभर हर्ट्झच्या आसपास नेतात आणि रुग्णाच्या हाताचा कंप थांबतो. मग येतात बेसल गँग्लियाची सर्किट्स उलगडणारे अमेरिकेतले माह्लन डीलाँग. २०१४ चा लास्कर पुरस्कार दोघांना. टाळ्या!

गोष्ट खोटी नाही, पुरस्कारही हक्काचा. पण ती सांगताना मधला भाग गाळला जातो, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे. थॅलॅमसमध्ये स्टिम्युलेशन दिलं की मुख्यतः कंप कमी होतो. हालचालीतला मंदपणा आणि ताठरपणा तसाच राहतो. त्यासाठी सबथॅलॅमिक न्यूक्लियसपर्यंत पोचावं लागलं, आणि तो रस्ता एका क्षणात सापडला नाही.

जुने पेपर काढून बघा. एमपीटीपी या विषाने पार्किन्सनसारखी अवस्था झालेल्या माकडांमध्ये हे न्यूक्लियस निकामी केलं की लक्षणं कमी होतात, हे १९९० मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं. पहिलं नाव हागाई बर्गमन, डीलाँग यांच्या लॅबमधला पोस्टडॉक. त्याच न्यूक्लियसमध्ये स्टिम्युलेशन देऊन माकडांची हालचाल सुधारली, तो १९९३ चा पेपर; पहिलं नाव अब्देलहमीद बेनाझूझ. रुग्णांवरचा १९९५ चा 'लॅन्सेट'मधला पेपर. पहिलं नाव पॅट्रिशिया लिमूझाँ. पार्किन्सनसाठी अमेरिकेत या उपचाराला मंजुरी मिळाली ती २००२ साली.

म्हणाल, पुरस्काराच्या भाषणात एवढी नावं कोण घेणार? ठीक आहे. पण असली भाषणं ऐकूनच आपण पीएचडीला अर्ज करतो ना? मीही केला. आपल्याही टेबलावर एक दिवस कोणाचा तरी हात स्थिर होईल, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात माझी दोन वर्षं रेकॉर्डिंगमधून स्टिम्युलेशनचा गोंगाट गाळण्यात गेली. करार वर्षावर्षाचा, व्हिसा त्याला बांधलेला. फोनवर आत्या विचारते, "अगं, अजून शिकतेच आहेस का?"

'एका क्षणाची' गोष्ट मनात धरली, तर त्या प्रश्नावर उत्तर सुचत नाही. आपण मागे पडलोय असंच वाटतं. तीन पेपरांची गोष्ट माहीत असली, तर निदान एवढं कळतं की हे कामच असं चालतं. करार त्याने लांबत नाहीत, ते भांडण वेगळं. पण या क्षेत्रात यायचा विचार करत असाल, तर भाषणाआधी ते तीन पेपर वाचा.